फिट तर बसला, पण...

रात्री टपरीवर चहा संपला की काचेच्या ग्लासाच्या जाड बुडातून समोरचा दिवा बघितलाय कधी? नसेल तर आज बघा. दिवा एका जागी राहतच नाही. ग्लास जरा हलवला की एकाचे दोन होतात, कधी तुकडे पडतात, कधी नुसतं वेडंवाकडं कडं दिसतं. फायनल इयरला मी याच प्रकारावर प्रोजेक्ट केला. फक्त दिव्याच्या जागी क्वेसार आणि ग्लासाच्या जागी एक अख्खी दीर्घिका! ब्रँच मेकॅनिकल आणि प्रोजेक्ट आकाशातला, त्यामुळे विंगमध्ये वर्षभर माझं नाव ‘नासा’ पडलं. असो.

क्वेसार म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेचा भगभगीत गाभा. त्याच्या आणि आपल्या मधे, जवळजवळ एका रेषेत, दुसरी दीर्घिका आली की तिच्या वस्तुमानामुळे प्रकाश वाकतो आणि एकच क्वेसार अनेक ठिकाणी दिसतो. 1979 साली वॉल्श, कार्सवेल आणि वायमन यांनी असा पहिला जोड-क्वेसार ओळखला. आकाशात एकमेकांपासून फक्त 6 विकलांवर दोन क्वेसार, आणि दोघांचे वर्णपट सख्ख्या जुळ्यांसारखे. पुढे कळलं की एका प्रतिमेत झालेला चढ-उतार दुसरीत 417 दिवसांनी दिसतो. प्रकाश निघाला एकाच वेळी, पण एक पोचला वर्षाहून जास्त उशिरा. (आमच्या जर्नल सबमिशनसारखंच.)

या उशिरातच सगळी मजा आहे. रेफ्सडाल नावाच्या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने 1964 सालीच, म्हणजे असं एकही भिंग सापडण्याआधी, दाखवून दिलं होतं की हा उशीर मोजला आणि भिंगाचं वस्तुमान कसं पसरलंय ते माहीत असलं, तर विश्व किती वेगाने प्रसरण पावतंय, म्हणजे हबल स्थिरांक, काढता येतो. उशीर दुर्बिणीने मोजता येतो. वस्तुमानाचं मात्र मॉडेल करावं लागतं, आणि माझं काम ते होतं.

मी घेतलं होतं पीजी 1115+080. हा 1980 साली सापडला तेव्हा त्याच्या तीनच प्रतिमा दिसल्या म्हणून त्याला ‘ट्रिपल क्वेसार’ म्हणायचे. नंतर त्यातली एक म्हणजे चिकटून बसलेल्या दोन निघाल्या, म्हणजे एकूण चार. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नरसिंह, सुब्रमणियन आणि शशिकुमार चित्रे या तिघांनी 1982 मध्येच याच क्वेसारसाठी भिंगाची मॉडेल्स मांडली होती. तेव्हाचे संगणक आठवा आणि आपण लॅपटॉप स्लो म्हणून किती कुरकुरतो ते बघा.

चारच प्रतिमा का? इथे एम-वन कामाला येतं. प्रत्येक वाटेने प्रकाशाला किती वेळ लागतो त्याचा आकाशावर एक पृष्ठभाग काढा. लांबचा वळसा घेतला तर वेळ वाढतो, दीर्घिकेच्या गुरुत्वात खोल शिरलं तरी वाढतो. प्रतिमा फक्त त्या पृष्ठभागाच्या सपाट बिंदूंवर पडतात. चारांपैकी दोन मिनिमा, दोन सॅडल पॉइंट. मॅक्सिमावर पाचवीही असते, पण ती दीर्घिकेच्या मध्याजवळ इतकी मंद होते की बहुधा दिसत नाही.

आता हिशेब. चार प्रतिमांचे एक्स आणि वाय मिळून आठ आकडे हातात. दीर्घिकेचं केंद्र तिच्या उजेडावरून ठरवलं. अज्ञात राहिले ते असे: कड्याची त्रिज्या, दीर्घिकेचा चपटेपणा आणि त्याची दिशा, शेजारच्या दीर्घिकांच्या समूहामुळे बसणारा ताण आणि त्याची दिशा, आणि क्वेसारची खरी जागा म्हणजे आणखी दोन. एकूण सात. आठ समीकरणं, सात अज्ञात! प्रतिमांची तेजस्विता का नाही वापरली? कारण भिंगातले सुटे तारेही आपापला प्रकाश वाकवतात आणि ती बिघडवतात.

पायथनमध्ये लेन्सट्रॉनॉमी नावाचं फुकट पॅकेज आहे. तीन आठवडे नाइट मारून मी त्यात फिट बसवला. एका पहाटे चारही प्रतिमा जागच्या जागी! छापून आलेले उशीर घातले आणि हबल स्थिरांकही आला. रूममेटला उठवून सांगितलं, तो कूस बदलून झोपला.

दुसऱ्या दिवशी प्रिंट घेऊन मॅडमकडे गेलो.

‘‘छान. आता सगळ्या वस्तुमानाला 0.9 ने गुण, आणि उरलेल्या 0.1 चा एकसारखा सपाट पत्रा सगळीकडे पसर. परत चालव.’’

‘‘मॅडम, फिट पार बिघडेल.’’

‘‘चालव तर खरं.’’

चालवला. प्रतिमा दशांशापर्यंत तिथेच! तेजस्वितेची गुणोत्तरंही तीच. क्वेसारची खरी जागा तेवढी 0.9 पट आत सरकली, जी आपल्याला कधी दिसतच नाही. आणि हबल स्थिरांक बरोब्बर दहा टक्क्यांनी खाली. दोन्ही फिट तितकेच सुंदर, उत्तरं दोन. मी पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो. फाल्को, गोरेनस्टाइन आणि शपिरो यांनी 1985 मध्येच हा घोळ मांडला होता. मी तो पेपर डाउनलोड करून ठेवला होता, वाचला नव्हता.

हा फक्त माझ्या प्रोजेक्टचा घोळ नाही. सहा क्वेसार-भिंगांवरून (त्यात हे पीजी 1115 सुद्धा) होलीकाऊ गटाने 2019 मध्ये 73.3 किमी प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक असा आकडा दिला, चूक अडीच टक्क्यांच्या आत. प्लांक उपग्रहाचा आकडा 67.4. या फरकावरून भौतिकशास्त्रात केवढा वाद चालू आहे. आणि 73.3 ला 0.92 ने गुणा, 67.4 येतात! 2020 मध्ये त्याच क्षेत्रातल्या लोकांनी स्वतःच वस्तुमानाच्या आकाराची गृहीतकं सैल केली तेव्हा चूक आठ टक्क्यांवर गेली. आपल्याच आकड्यावरचा विश्वास असा जाहीरपणे कमी करून घ्यायला हिंमत लागते, असं माझं मत.

यातून सुटकेची वाट प्रतिमांच्या बाहेर आहे. भिंग-दीर्घिकेतले तारे किती वेगाने फिरतात ते तिच्या वर्णपटातल्या रेषा किती रुंदावल्यात त्यावरून कळतं. ताऱ्यांना आतल्या वस्तुमानाची ओढ जाणवते, त्यामुळे दीर्घिका किती आणि पत्रा किती हे वेगळं करता येतं. वेग जितका अचूक, तितका हा 0.9 की 1 चा प्रश्न आवळत जातो.

रिपोर्टमधला एक आकडा खोडून मी तिथे रुंद पट्टा काढला. व्हायवाला एक्स्टर्नल म्हणाले, ‘‘अरे, मग नक्की उत्तर किती?’’

‘‘सर, ताऱ्यांचे वेग अजून मॉडेलमध्ये घातले नाहीत.’’

‘‘का नाही घातले?’’

सबमिशनची तारीख आली होती, हे खरं कारण मी सांगितलं नाही. कोड डिपार्टमेंटच्या पीसीवर ठेवलाय. ज्युनियर्सपैकी कुणाला वेग घालून बघायचे असतील तर मॅडमना भेटा. फाइलमध्ये वरून तिसऱ्याच ओळीत 0.9 आहे, सुरुवात करायच्या आधी ते बदलून 1 करा.