माळ आणि पाणी : धरण भरलं, आता माळावर चला

येलदरीच्या बदकांची वाट पाहणाऱ्यांनी आणखी थोडी कळ काढावी. गेल्या आठवड्यात शब्द दिला होता खरा, पण हस्ताच्या पावसानं धरण काठोकाठ भरलंय, पूर्णेत पाणी सुटलंय, आणि तुडुंब भरलेल्या धरणावर पाणी सोडून पाहण्यासारखं फारसं काही नसतं. ८०९ दलघमीचा जिवंत साठा पूर्ण झाला की जिंतूर तालुक्यात पेढे वाटावेत असा आनंद होतो, तो रास्तच आहे. पक्षी पाहणाऱ्यानं मात्र अशा वेळी दुर्बीण दुसरीकडे वळवावी.

कारण साधं आहे. चक्रांग, तलवार बदक ही बुडी मारणारी बदकं नव्हेत. डोकं खाली, शेपूट आभाळाकडे करून मान जिथवर पोचेल तिथवरच त्यांचं ताट. तलवार बदकाची मान लांब, म्हणून ते जरा आत जाऊ शकतं. चक्रांगाला काठच लागतो. तुतवार आणि शेकाट्याला तर नुसता गाळ हवा, वर पाय भिजतील एवढंच पाणी. भरलेल्या धरणाला असा काठच उरत नाही, पाणी थेट बाभळींच्या बुडाला टेकलेलं असतं. शिवाय चांगल्या पावसाच्या वर्षी प्रत्येक शेततळं, कोल्हापुरी बंधारा आणि सोडून दिलेली खदान भरलेली असते, त्यामुळे आलेली थोडी बदकंही पांगतात. रब्बीसाठी पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या, येलदरीतून खाली सिद्धेश्वरला आणि तिथून कालव्याला पाणी गेलं, की काठ उघडा पडायला लागतो. १९९९ साली परभणीतून हिंगोली वेगळी झाली आणि सिद्धेश्वर तिकडे गेलं, माझ्या वहीत मात्र दोन्ही धरणं अजून एकाच पानावर आहेत. तर बदकं डिसेंबरात. कुणाला अगदीच राहवत नसेल त्यानं मासोळी किंवा करपरासारखं लहान धरण बघावं. तिथे भिंतीवर शेपूट हलवत फिरणारे धोबी तरी भेटतील.

तोवर सेलूच्या एका शिक्षकांच्या पत्राला उत्तर देतो, कारण ते पत्र मला बदकांपेक्षा जास्त आवडलं आहे. ते लिहितात, ‘सोयाबीन काढून गंजी लावली की वावरावर शेकड्यांनी चतुर घिरट्या घालतात. आमची आई म्हणते पाऊस येणार, वडील म्हणतात पाऊस गेला. खरं काय?’

पावसाचं भाकीत चतुरांच्या गळ्यात घालू नये, पण वडिलांचं पारडं जरा जड आहे. हे पिवळसर चतुर बहुतेक ‘पँटाला फ्लॅव्हेसेन्स’ जातीचे. मादी पावसानं साचलेल्या डबक्यांत, अगदी गाडीवाटेच्या चाकोरीतल्या पाण्यातही अंडी घालते. डबकं आटायच्या आत सगळं उरकायचं असल्यानं अंड्यापासून उडत्या चतुरापर्यंतचा प्रवास साधारण दीड-दोन महिन्यांत होतो. म्हणजे श्रावणातल्या डबक्यांचे चतुर दसऱ्याच्या आसपास हवेत असतात, अगदी आपल्या सुगीच्या वेळी. गंजीजवळ उभं राहून पाहा : मागचे पंख बुडाशी चांगलेच रुंद असतात, त्यामुळे पंख फारसे न मारता ते वाऱ्यावर तरंगत राहतात. बसलेच तर काडीला उभे लोंबकळतात, आडवे बसत नाहीत.

असे पंख लांबच्या प्रवासासाठीच असतात. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांना दर ऑक्टोबरात तिथे चतुरांचे लोंढे उतरताना दिसायचे. त्या बेटांवर गोडं पाणी जवळजवळ नाहीच, मग हे जन्मले कुठे? २००९ मध्ये त्यांनी मांडलं, की हे चतुर भारतातून येतात आणि ईशान्येकडच्या वाऱ्यावर स्वार होऊन, हजार मीटरहून उंचावरून, पुढे पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. २०१२ साली पंखांतल्या हायड्रोजनची तपासणी झाली. पाऊस कुठला प्याला याची खूण पंखात राहते. त्यावरून ते उत्तर भारताकडून किंवा त्याहूनही पलीकडून आल्याचं निघालं.

पक्ष्यांच्या लेखमालेत किडे कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी : अँडरसन यांनी त्याच लेखात दाखवलं, की याच वाटेनं याच दिवसांत काही पक्षीही समुद्र ओलांडतात, आणि त्यांची शिदोरी म्हणजे हे चतुर. त्यांतला एक अमूर ससाणा. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. सैबेरिया आणि उत्तर चीनकडून निघून तो नागालँड-मणिपूरमध्ये मुक्काम करतो, मग भारत आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातो. नागालँडमधलं त्याचं मोठं ठिकाण दोयांग, तेही आपल्या येलदरीसारखं वीज तयार करणारं धरण. २०१२ मध्ये तिथे जाळी लावून या ससाण्यांची प्रचंड शिकार झाल्याचं उघड झालं. गावांनी मनावर घेतलं आणि पुढच्याच वर्षी ती थांबली. त्याच २०१३ च्या नोव्हेंबरात तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहयंत्र बसवलं गेलं. त्यांची नावं नागा, वोखा आणि पांगती. असे ससाणे महाराष्ट्राच्या आभाळातून जातात, तेव्हा नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात वर मान करायला विसरू नका.

आता माळ. परभणीच्या मधोमध गोदाकाठची काळी जमीन आहे. माळ हवा तर उत्तरेला जिंतूरकडच्या अजिंठ्याच्या फाट्यांवर किंवा दक्षिणेला गंगाखेडकडच्या बालाघाटात जावं लागतं. सातबाऱ्यावर हा पोटखराबा नाहीतर गायरान. तिथे दरवर्षी कुणीतरी खड्डे खणून गिरिपुष्प लावतं, आणि त्याचे फोटो काढतं. झाडं लावायला दुसरी पुष्कळ जागा आहे. कुसळी आणि पवन्याचं गवत मोडून ती लावली की भोवत्या या शिकारी पक्ष्याचं घर जातं.

भोवत्या हाच या दिवसांतला माझा खरा पाहुणा. कझाकस्तानच्या गवताळ मुलखातून सप्टेंबरअखेर तो येऊ लागतो. गवताच्या शेंड्यापासून हात-दोन हातांवरून, पंख किंचित वर उचलून, डावी-उजवीकडे झुकत तो सगळा माळ विंचरून काढतो. मध्येच हवेत थबकतो, पाय खाली सोडतो आणि गवतात पडतो. उठतो तेव्हा पायात नाकतोडा असतो. तपकिरी मादी असेल तर शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा ठळक दिसतो. नर राखी. पंखाच्या टोकाला काळं अरुंद आणि पाचरीसारखं असेल तर पांढुरका भोवत्या, पंखावर आडवी काळी रेघही असेल तर माँटेग्यूचा. माद्यांच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही, त्यावर वेगळा लेख लागेल. संध्याकाळी हे पक्षी झाडावर जात नाहीत, एकत्र जमून गवतातच जमिनीवर रात्र काढतात. गुजरातेत वेळावदरला अशी रातथाऱ्याची जगातली मोठी जागा आहे. म्हणून सूर्य कलला की उंच गवतात शिरू नका, बाहेर थांबून पाहा.

हवामानाचं एवढंच सांगतो. सकाळी लख्ख ऊन आणि दुपारी तीनला काळंभोर आभाळ, हे परतीच्या पावसाचे दिवस. माळावर तेव्हा सगळ्यांत उंच वस्तू तुम्हीच असता. पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ अ‍ॅप फोनमध्ये ठेवा, गडगडाट ऐकू आला की बाभळीखाली नव्हे, गाडीत बसा. आणि गाडी डांबरीवरच लावा. काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर एक सर आली की चाक जागेवर फिरतं आणि ट्रॅक्टरवाल्याला हाका माराव्या लागतात.

शेवटी पाथरीच्या सातवीतल्या मुलीचा प्रश्न. ‘वावरावर एकाच जागी पंख फडफडवत थांबणारा पक्षी खरूची का?’ खरूची आणि कापशी, दोघंही तसं थांबतात. खरूची हिवाळ्यात येते, पाठ विटकरी, त्यावर काळे ठिपके. कापशी बारा महिने इथलीच, पांढरी-राखी, थांबताना पंख उंच धरते आणि टप्प्याटप्प्यानं खाली उतरते. सोयाबीन निघाल्यावर उघड्या पडलेल्या उंदरांवर तिचा डोळा असतो. मुलीनं चित्र जोडलंय. त्यात खांद्यावर काळा डाग आहे आणि डोळा लाल रंगवलाय, म्हणजे ती कापशीच. खरूचीसाठी तिनं दिवाळीपर्यंत त्याच वावरावर लक्ष ठेवावं, आणि शेपटीच्या टोकाशी रुंद काळा पट्टा दिसला तर तारखेसकट कळवावं.