छळाची किंमत कोणी मोजायची?

शाळेत दांडग्या मुलांनी एखाद्या अबोल मुलाला रोज रडवावे, वसतिगृहात ज्येष्ठांनी नवागताला रात्ररात्र उभे करावे आणि कचेरीत वरिष्ठाने एखाद्या कारकुनाचा सर्वांदेखत पाणउतारा करावा, या तीन गोष्टी आपण निरनिराळ्या मानतो. पहिलीला पोरखेळ म्हणतो, दुसरीला प्रथा म्हणतो आणि तिसरीला शिस्त. वस्तुतः त्यांचे मूळ एकच आहे. आणि तिन्ही ठिकाणी छळ सोसणाऱ्यास आपण जो उपदेश करतो, तोही एकच असतो : 'मन खंबीर कर, दुर्लक्ष कर, पाण्यात राहून माशाशी वैर करू नकोस.' हा उपदेश सद्हेतूने केला जात असला तरी त्यात एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, छळ थांबविण्याची जबाबदारी ज्याचा छळ होतो त्याचीच आहे. हे गृहीत एकदा तपासून पाहावयास हवे.

एखाद्याच्या कृत्याचा खर्च त्याच्यावर न पडता दुसऱ्यावर पडत असेल, तर ते कृत्य प्रमाणाबाहेर वाढते, हा अर्थशास्त्रातील प्राथमिक सिद्धान्त आहे. कारखान्यातील घाण पाणी नदीत सोडण्यास पैसे पडत नाहीत, म्हणून ते सोडले जाते. किंमत मोजतात ते नदीकाठचे लोक. छळाचेही असेच आहे. छळणाऱ्यास तो फुकट पडतो. त्याची किंमत छळला जाणारा मोजतो : परीक्षेतील गुणांत, उडालेल्या झोपेत, वाढत्या रजेत, आणि कधीकधी प्राणांनिशी. हा हिशेब जोवर बदलत नाही, तोवर उपदेशाने काही साधावयाचे नाही.

अळीमिळी गुपचिळी

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास प्रथम स्कँडिनेव्हियात झाला. डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात शाळांतील दांडगाईचा अभ्यास करून तिची तीन लक्षणे सांगितली : हेतुपूर्वक इजा, तिची पुनरावृत्ती आणि दोन पक्षांच्या बळातील विषमता. यातील तिसरे लक्षण महत्त्वाचे आहे. बरोबरीच्या दोघांतील भांडण म्हणजे छळ नव्हे. ज्याला प्रतिकार करता येत नाही, त्याला पुनःपुन्हा त्रास देणे म्हणजे छळ. नॉर्वेत तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केल्यानंतर १९८३ साली तेथील सरकारने देशव्यापी मोहीम हाती घेतली. बर्गेन शहरातील सुमारे अडीच हजार विद्यार्थ्यांवर ओल्वेउस यांनी जे निरीक्षण केले, त्यात छळाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास घटल्याचे दिसून आले. ही घट छळल्या जाणाऱ्या मुलांना 'खंबीर' करून झाली नव्हती. वर्गात स्पष्ट नियम केले गेले, पालकांना विश्वासात घेतले गेले आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांची देखरेख वाढविली गेली. सुट्टीत देखरेखीस अधिक शिक्षक असलेल्या शाळांत छळ कमी आढळतो, हे त्यांचे निरीक्षण आपल्या मुख्याध्यापकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढे फिनलंडमधील अभ्यासकांनी आपले लक्ष बघ्यांकडे वळविले. छळणारा सहसा एकटा नसतो. त्याला प्रेक्षक हवे असतात. कोणी हसते, कोणी मान फिरविते, आणि या हसण्यातून व मान फिरविण्यातूनच त्याची प्रतिष्ठा वाढते. आपल्याकडे तर मुलांना 'अळीमिळी गुपचिळी' खेळातच शिकविली जाते आणि बोलणाऱ्याला 'चहाडखोर' ही पदवी मिळते. दुर्दैवाने ही पदवी पुष्कळदा शिक्षकच बहाल करतात. तक्रार घेऊन आलेल्या मुलाला 'कागाळ्या करू नकोस' म्हणून परत पाठविले, की वर्गातील इतर पन्नास मुलांना एक धडा आपोआप मिळतो : बोलणे महाग आहे, गप्प बसणे स्वस्त.

कचेरीतील जाच

हाच धडा गिरवीत ही मुले मोठी होतात आणि नोकरीस लागतात. तेथे दांडगाईला हात उगारावा लागत नाही. महत्त्वाचे काम काढून घेणे, अशक्य मुदतीत काम सांगणे, रजा अडविणे, इतरांसमोर चुकांचा पाढा वाचणे, बैठकीस न बोलावणे, आणि अखेरीस दूरच्या गावी बदली, ही तिची साधने होत. यातील प्रत्येक कृती सुटी पाहिली तर प्रशासकीय निर्णय दिसते. एकत्र पाहिली की जाच दिसू लागतो. बदली हेही छळाचे हत्यार असू शकते, हे महाराष्ट्राच्या विधिमंडळाने फार पूर्वी ओळखले होते. कामगार संघटनांना मान्यता व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यांविषयीच्या १९७१च्या अधिनियमात, व्यवस्थापनाच्या धोरणाच्या नावाखाली कुहेतूने केलेली बदली ही अनुचित प्रथांच्या यादीत घातली गेली होती.

गोपनीय अहवालाचेही तसेच. वर्षानुवर्षे कर्मचाऱ्याचे भवितव्य त्याला न दिसणाऱ्या कागदावर लिहिले जात असे. केवळ प्रतिकूल शेरे तेवढे कळविण्याची रीत होती. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देवदत्त प्रकरणात प्रत्येक नोंद कर्मचाऱ्यास कळविलीच पाहिजे, असा निर्णय दिला. छळाला अंधार मानवतो, आणि कागद उजेडात आला की वरिष्ठाची लेखणी थोडी जपून चालते.

अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली आपल्या प्रसिद्ध ग्रंथात असे मांडले की, एखादी संस्था बिघडू लागली तर माणसापुढे दोन मार्ग असतात : बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे. छळ तेथेच फोफावतो, जेथे हे दोन्ही मार्ग बंद असतात. बाजारात नोकऱ्या दुर्मिळ असल्या की बाहेर पडता येत नाही. आणि नोकरीची मुदतवाढ वरिष्ठाच्या मर्जीवर असली की बोलता येत नाही. आपल्या शिक्षणक्षेत्रातच पाहा. खासगी शाळांतील सेवकांसाठी १९७७ साली जो कायदा झाला, त्याने बडतर्फी, सेवासमाप्ती वा पदावनती यांविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची सोय केली, हे त्याचे मोठेच श्रेय. परंतु रोजच्या अवहेलनेचे काय? शिवाय तासिका तत्त्वावर शिकविणारा अध्यापक, ज्याची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हावयाची असते, तो कोणाविरुद्ध तोंड उघडणार? त्याची अवस्था 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' अशीच असते.

छळ जेव्हा फायद्याचा ठरतो

काही वेळा छळ हा एखाद्या व्यक्तीच्या स्वभावाचा दोष नसून संस्थेचे धोरणच असतो. फ्रान्समधील 'फ्रान्स टेलिकॉम' या कंपनीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. खासगीकरणानंतर या कंपनीला २००६ ते २००८ या काळात बावीस हजार माणसे कमी करावयाची होती. त्यांपैकी अनेकांना सरकारी सेवकाचा दर्जा असल्याने काढून टाकणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी आपण होऊन जावे, अशी परिस्थिती निर्माण करण्यात आली : सक्तीच्या बदल्या, कौशल्याला न शोभणारी कामे, सततचा दबाव. त्या सुमारास अनेक कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. डिसेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीला व तिच्या माजी प्रमुखांना दोषी ठरविले, आणि जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने संस्थात्मक छळाचे हे तत्त्व उचलून धरले. नुकसानभरपाई देऊन माणसे कमी करण्यापेक्षा त्यांना हैराण करणे स्वस्त पडते, असा तो हिशेब होता. तो न्यायालयाने उलटा केला. परंतु फ्रान्समध्ये २००२पासून नोकरीतील मानसिक छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा होता, म्हणूनच हे घडू शकले.

कायद्याने काय केले?

आपल्याकडेही काही पावले पडली आहेत. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. दोषी विद्यार्थ्यास काढून टाकून पाच वर्षे अन्यत्र प्रवेश न देण्याचीही तरतूद आहे. परंतु त्यातील खरे मर्म निराळेच आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी केली पाहिजे. त्याने टाळाटाळ केली तर तो स्वतःच अपराधास साहाय्य करणारा ठरतो. म्हणजे डोळेझाक करण्याची किंमत प्रथमच संस्थाप्रमुखावर पडली. हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियम केले. त्याच वर्षीच्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध १९९७चा विशाखा निर्णय व २०१३चा कायदा यांनी तक्रार समितीची वाट घालून दिली.

तरीही मे २०१९ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने जीवन संपविले. तीन ज्येष्ठ सहकाऱ्यांवर जातिवाचक अवहेलनेच्या व छळाच्या आरोपांखाली आरोपपत्र दाखल झाले. आपण आधीच तक्रार केली होती, असे कुटुंबीयांचे म्हणणे होते. निवासी डॉक्टर हा एकाच वेळी विद्यार्थी व नोकर असतो. ज्यांच्याविरुद्ध बोलावयाचे, त्यांच्याच हाताखाली शिकावयाचे व राबावयाचे असते. कायदा पुस्तकात असून भागत नाही. तक्रार ऐकणारा हा छळणाऱ्याच्या साखळीबाहेरचा असावा लागतो.

बोलणे स्वस्त करा

यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. शाळेत मधल्या सुट्टीची देखरेख पाळीने वाटून घ्यावी व प्रत्येक तक्रार नोंदवहीत लिहिली जावी; तक्रार करणे आणि चहाडी करणे यांतील फरक वर्गात समजावून सांगावा. स्वतःच्या लाभासाठी दुसऱ्याला अडचणीत आणणे ही चहाडी. दुसऱ्याला अडचणीतून सोडविण्यासाठी बोलणे हे कर्तव्य. कचेरीत संशयास्पद तोंडी हुकूम लेखी मागावेत, घटनांची तारीखवार टिपणे ठेवावीत, आणि तक्रार शक्यतो दोघा-तिघांच्या सह्यांनी करावी. कारण एकट्याची तक्रार हा 'स्वभावदोष' ठरतो, तिघांची 'प्रकरण' ठरते. मुदतवाढीचा व गोपनीय अहवालाचा निर्णय एका व्यक्तीच्या हाती ठेवू नये. कर्मचारी व शिक्षक संघटनांनी वेतनाच्या मागण्यांबरोबर हाही विषय आपल्या यादीत घ्यावा. त्यांच्याच सभासदाकडून दुसऱ्या सभासदाचा जाच होत असेल, तेव्हाही. आणि स्त्री-पुरुष दोघांनाही लागू पडेल असा, नोकरीतील छळाविरुद्धचा सर्वसाधारण कायदा व्हावा, ही मागणी आता पुढे यावयास हवी.

धैर्य हा मोठा गुण आहे. परंतु ज्या संस्थेत साधा न्याय मिळविण्यासाठी असामान्य धैर्य लागते, ती संस्था सदोष आहे, असेच म्हणावे लागेल. 'आपण बरे, आपले काम बरे' असे म्हणणाऱ्या सामान्य कारकुनाला, शिक्षकाला आणि विद्यार्थ्यालाही निर्धास्तपणे खरे बोलता यावे, एवढी व्यवस्था करणे हे संस्था चालविणाऱ्यांचे काम आहे, आणि ते त्यांच्याकडून करवून घेणे हे आपणा सर्वांचे.