नाव आपले, ऋण परक्याचे

व्यापाऱ्याची खरी पुंजी तिजोरीत नसते, ती त्याच्या नावात असते. ते नावच कोणी चोरून नेले तर काय करावे, याचा विचार प्रत्येक पेढीने आधीच करून ठेवावयास हवा.

ही चोरी किती सोपी आहे पाहा. आपण बिलावर जीएसटी क्रमांक छापतो. सिल्वासात त्याचे पहिले दोन अंक २६ हे प्रदेशाचे. पुढील दहा अक्षरे म्हणजे पॅन होय. एकट्याच्या मालकीच्या दुकानात तो मालकाचा स्वतःचाच असतो. याच मार्गाने महेंद्रसिंग धोनी, माधुरी दीक्षित आदी नामवंतांचे पॅन मिळवून भामट्यांनी पुण्याच्या एका कंपनीकडून क्रेडिट कार्डे काढली. मार्च २०२३ मध्ये दिल्ली पोलिसांनी पाच जणांना अटक केली.

असा प्रसंग ओढवल्यास प्रथम बँकेस कळवून कार्ड व खाते गोठवावे, आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसा या खात्यातून त्या खात्यात पळत असतो. तो वाटेत अडविला तरच परत मिळण्याची आशा. तक्रारीचा क्रमांक व वेळ टिपून ठेवावी.

नंतर पोलिसांत फिर्याद द्यावी. गुन्हा वापीत घडला की तलासरीत, हे आपण शोधीत बसू नये. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ अन्वये हद्दीबाहेरच्या गुन्ह्याची खबरही कोणत्याही ठाण्यात देता येते व तिची प्रत विनामूल्य मिळते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली अशा चोरास ३ वर्षांपर्यंत कैद व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तिसरे, सिबिलसह चारही पतमाहिती संस्थांचे अहवाल मागवावेत. वर्षातून एकदा ते विनामूल्य मिळतात. अनोळखी कर्ज दिसताच लेखी हरकत घ्यावी. ३० दिवसांत निवारण न झाल्यास दररोज १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

चौथे, जीएसटीच्या संकेतस्थळावर आपला पॅन घालून पाहावा. त्यावर परप्रांतात बनावट पेढी उघडलेली आढळल्यास कर अधिकाऱ्यास लेखी कळवावे. नाहीतर तिच्या खोट्या बिलांची नोटीस आपल्या दारी येईल.

एक गोष्ट मात्र कदापि करू नये. पेढीचा बोभाटा होईल या भीतीने घरातील वडीलधारे गप्प राहतात, आणि दुकानाचे कर्ज नामंजूर होते तेव्हाच मुलांना सारे कळते. ज्याच्या घरी चोरी झाली तो अपराधी नव्हे. त्याचे मौन मात्र चोराच्याच पथ्यावर पडते.