फटफटी घ्यायची, पण कोणती?

शुक्रवारची सकाळ म्हणजे इकडच्या मराठी घरांतून पोहे आणि गप्पा. परवाच्या शुक्रवारी अल खोबरला आमच्याकडे कराडकडचे एक स्नेही सपत्नीक आले आणि चहाची बशी खाली ठेवता ठेवता म्हणाले, "भाऊ, मोटारसायकल घ्यायची ठरवलीय." आम्ही वहिनींकडे पाहिले. त्या शांतपणे पोहे खात होत्या. म्हणजे घरचा ठराव आधीच मंजूर झाला होता!

हे गृहस्थ अठरा वर्षे जुबैलच्या एका कारखान्यात आहेत. आणखी दोन वर्षांनी गावी परतायचे. मुलीचे शिक्षण संपले, घराचे हप्ते फिटले. तरुणपणी घरात होती लूना. बुलेटवर बसायला मिळे ते मित्राच्या मागे. आता हाती चार पैसे आहेत आणि मनात एकच इच्छा आहे: वहिनींना मागे बसवून ताइफ, अल बाहा, अबहा हा डोंगराळ मुलूख पाहायचा. "गावी गेल्यावर कंबर साथ देईल की नाही, कोण जाणे," ते म्हणाले.

प्रश्न असा की, दुकानात त्यांनी दोन गाड्या पाहिल्या होत्या. एक क्रूझर, म्हणजे ठेंगणी, लांबलचक, पाय पुढे टाकून आरामात बसायची. दुसरी टूरर, म्हणजे लांबच्या प्रवासाची. पुढे वाऱ्याला अडवणारी काच, बाजूंना सामानाच्या पेट्या, उंच बैठक. मन अर्थातच क्रूझरवर जडले होते. "सरळ रस्ता, मोकळे वाळवंट, इथे क्रूझरच शोभते," असा त्यांचा युक्तिवाद होता.

वाचकहो, हाच युक्तिवाद काही वर्षांपूर्वी आम्हीही केला होता आणि त्याची किंमत मोजली होती. आम्ही क्रूझर घेतली आणि मे महिन्यात एके सकाळी दम्मामहून रियाधकडे निघालो. अंतर ४०० किलोमीटर. म्हणजे पुण्याहून धारवाड. फरक एवढाच की, वाटेत सातारा नाही, कोल्हापूर नाही आणि निपाणीचा चहाही नाही. पहिले शंभर किलोमीटर स्वर्ग. नंतर वारा छातीवर ढकलू लागला आणि हँडल घट्ट धरून हात भरून आले. पाय पुढे ताणलेले असल्यामुळे सारा भार माकडहाडावर. दहाच्या पुढे ऊन तापले तेव्हा हवा खेळावी म्हणून आम्ही जाकिटाची साखळी उघडली. हा शहाणपणा सर्वांत महागात पडला. निम्म्या वाटेवर एका पेट्रोलपंपावर गाडी थांबवली आणि पायांत असे गोळे आले की उतरता येईना. एका पाकिस्तानी ट्रकवाल्याने सावलीत बसवले, पाणी पाजले आणि मीठ घातलेले ताक आणून दिले. त्या माणसाचे नावही आम्ही विचारले नाही, याची अजून लाज वाटते.

असे का झाले? माणसाच्या कातडीचे तापमान ३४-३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा अंग निववतो. हवा ४५ अंशांची झाली की तोच वारा अंगाला उष्णता देऊ लागतो. मग आधार उरतो तो केवळ घामाचा. कोरड्या हवेत घाम येताक्षणी उडून जातो. अंग कोरडेच लागते आणि शरीरातले पाणी आटत चालल्याचे ध्यानात येत नाही. म्हणून वाळवंटात अंग झाकलेलेच बरे. आत ओला सुती कपडा, वर जाकीट आणि समोर वारा तोडणारी काच. आपल्याकडे उन्हात डोक्याला पंचा गुंडाळणारा शेतकरी हे शाळेत न जाता जाणतो!

वाऱ्याचे गणितही असेच. वेग दुप्पट झाला तर वाऱ्याचा जोर चौपट होतो. ताशी ८० वरून १२० वर गेलो, तर वेग दीडपट, पण जोर सव्वादोन पट. पूर्व किनाऱ्यावर जून-जुलैत वायव्येकडून वाहणारा शमाल वारा यात भर घालतो.

आता क्रूझरला दोष देण्यापूर्वी तिची बाजू मांडली पाहिजे. तिची बैठक जमिनीपासून साधारण २७ इंच; उंच टूररची ३३ इंचांपर्यंत जाते. आपल्या मराठी उंचीच्या माणसाला क्रूझरवर दोन्ही पाय जमिनीवर टेकता येतात. रस्त्यावर वाळू पसरलेली असताना सिग्नलला थांबायचे, तर याचे मोल फार. वजन खाली असल्यामुळे हळू वेगात ती हाताळायला बरी. संध्याकाळी कॉर्निशवर एक फेरी, सुटीच्या पहाटे हाफ मून बेपर्यंत जाऊन यायचे, एवढाच बेत असेल, तर क्रूझरसारखा आनंद नाही. उलट भरलेल्या पेट्यांची मोठी टूरर वाळूच्या पार्किंगमधून मागे ढकलताना भल्याभल्यांचा घाम निघतो. होंडा गोल्डविंगचे सध्याचे मोठे रूप पावणेचारशे किलोंहून जड आहे. ती कलंडली तर एकट्याने उचलणे हे पैलवानाचे काम.

सरळ रस्ता म्हणजे क्रूझर, हा समज अमेरिकेतून आला. पण अमेरिकन माणसाने स्वतः काय केले? लांब जाऊ लागल्यावर त्याने आपल्या हार्ले-डेव्हिडसनला काच लावली, पेट्या लावल्या. त्या कंपनीच्या इलेक्ट्रा ग्लाइडवर १९६९ पासून वटवाघळाच्या पंखांच्या आकाराचे वारारोधक कवच मिळू लागले. गोल्डविंग १९७४ साली प्रथम दाखवली गेली, तेव्हा ती उघडी होती. लोकांनी बाहेरून कवचे आणून बसवली आणि १९८० मध्ये कंपनीनेच काच-पेट्यांसह गाडी काढली. तात्पर्य, टूरर कोणा पंडिताने शोधलेली नाही; लांबचा रस्ता कापून थकलेल्या माणसांनी ती घडवून घेतली.

हे सारे आम्ही स्नेह्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली, पण डोळ्यांपुढे अजून ती ठेंगणी गाडीच होती. शेवटी आम्ही म्हणालो, "अहो, मागे कोण बसणार आहे? त्यांना विचारले का?"

मग आम्ही चौघेही दुकानात गेलो. वहिनींना आधी क्रूझरच्या मागच्या बैठकीवर बसवले आणि पंधरा मिनिटे तिथेच बसून चहा प्या, अशी विनंती केली. दुकानदारही कौतुकाने पाहत होता. सात मिनिटे झाली तशा वहिनी म्हणाल्या, "ही बसायची जागा आहे की जेवायचा पाट?" बहुतेक क्रूझरच्या मागच्या चाकाला खालीवर व्हायला तीन-चार इंचच वाव असतो, खड्ड्याचा दणका थेट मागच्या माणसाच्या पाठीत जातो. मग त्या टूररवर बसल्या. पाठीला टेकू होता, गुडघे मोकळे होते. पंधरा मिनिटे झाली तरी त्या उतरेनात! इतकेच नव्हे, तर पुढची बैठक निरखत म्हणाल्या, "२०१८ पासून इथे बायकांनाही परवाना मिळतो ना? शिकायला काय हरकत आहे?" स्नेह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

निकाल लागला. पण सर्वांत अवजड टूरर त्यांनी घेतली नाही. मध्यम वजनाची, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची, बैठक खालीवर करता येणारी अशी निवडली. पाण्याने थंड होणारे इंजिन सिग्नलला उभे असतानाही पंख्याने निवते. केवळ हवेवर निवणाऱ्या इंजिनाला त्यासाठी गाडी चालती हवी.

ज्यांच्या मनात असाच बेत असेल, त्यांच्यासाठी आणखी चार शब्द. मोटारीचा परवाना फटफटीला चालत नाही. वेगळा काढावा लागतो. हेल्मेट सक्तीचे आहे, आणि सक्तीचे नसते तरी घालावे. रात्रीच्या गारव्याला भुलून अंधारात वाळवंट कापू नये. रस्त्यावर उंट उभा असेल तर तो दिव्याच्या उजेडात फार उशिरा दिसतो. कायमचे परत जाताना गाडी आपल्या नावावर राहून चालत नाही. ती विकून, नाव बदलून इस्तिमाऱ्याचा प्रश्न वेळेत सोडवावा. गावी घेऊन जाऊ म्हणाल, तर आयात शुल्क ऐकून बेत आपोआप मोडेल. म्हणून पुढे सहज विकली जाईल अशीच गाडी घ्यावी.

आणि खरेदीपूर्वी एका कागदावर तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: एका दमात किती तास चालवणार, कोणत्या महिन्यांत चालवणार आणि मागे कोण बसणार. तासाभराची गोष्ट असेल, तर बेलाशक क्रूझर घ्या. दिवसभराची असेल, तर टूरर. दोन्हींवर जीव असेल, तर काच आणि पेट्या लावलेली क्रूझर हा मधला मार्ग आहेच. पण रस्ता किती सरळ आहे आणि फोटोत आपण कसे दिसू, यावर ठरवू नका.

स्नेह्यांचा बेत नोव्हेंबरचा आहे. खोबरहून रियाधवरून ताइफ सुमारे बाराशे किलोमीटर, तिथून अल बाहामार्गे अबहा आणखी साडेपाचशे. ताइफ शहरच आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून उंच आहे आणि अबहा त्याहूनही. जाताना तीन मुक्काम करायचे, दर दीड तासाला थांबायचे आणि ऊन तापण्याआधी निम्मी वाट संपवायची, असे ठरले आहे. वहिनी दर शुक्रवारी मोकळ्या मैदानात एका छोट्या गाडीवर शिकत आहेत. परतीच्या वाटेवर पुढे कोण बसणार, याचा निर्णय मात्र अजून व्हायचा आहे.