काचेपलीकडची गाडी

गेल्या महिन्यात आमच्या रस्त्यावरचं गॅरेज बंद झालं. इमारत पुनर्विकासाला गेली आणि नव्या आराखड्यात गॅरेजला गाळाच नाही. त्याच सुमारास एका अधिकृत सर्व्हिस सेंटरने माझ्या हातात सत्तेचाळीस हजारांचं एस्टिमेट ठेवलं. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागत होता, म्हणून वायरिंगचा अख्खा सेट बदला म्हणे. उंदराने एक वायर कुरतडली होती, एवढंच. गॅरेजच्या मिस्त्रींनी आवराआवर करता करता ती सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली. दिवा गेला तो गेलाच. तेव्हापासून डोक्यात राग आहे आणि मागची वर्षं आठवताहेत.

कुर्ल्याच्या कारखान्यातल्या पद्मिनी गाडीवर पुष्कळ लिहून झालंय, मला त्यात भर घालायची नाही. मारुती 800 आली 1983 च्या डिसेंबरात. आमच्याकडे ती नव्वदीत आली आणि तिने कधी छळलं नाही. 796 सीसीचं छोटं इंजिन, बॉनेट उघडलं की सगळं समोर. माझं भांडण आहे ते 2005 ते 2014 या दशकाशी.

या काळात पुण्यातल्या वर्कशॉपांचं रूप पालटलं. एसी लाउंज आले, कॉफीची मशिनं आली आणि मध्ये काचेची भिंत आली. गाडी पलीकडे, आपण अलीकडे. मेकॅनिकशी बोलायची सोय नाही. बोलायचं ते सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरशी, आणि तो गाडीचा आवाज ऐकायच्या आधी पॅकेज सांगायचा. इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लिनिंग, अंडरबॉडी कोटिंग. त्याच्या डोक्यावर टार्गेट होतं हे दिसत होतं, पण ते माझ्या पैशांतून पुरं होत होतं. गाडी माझ्या नावावर, चालवते मी, तरी पहिला प्रश्न ठरलेला, ‘सर नाही आले?’ खड्ड्यात पुढून डावीकडे खट्ट वाजतं असं मी सांगायचे आणि जॉब कार्डावर लिहिलं जायचं, ‘जनरल चेकअप’.

एकदा क्लच प्लेट बदलल्याचं बिल लावलं. जुनी प्लेट दाखवा म्हटलं. अ‍ॅडव्हायझर म्हणाला, ‘मॅडम, ती स्क्रॅपमध्ये गेली.’ मॅनेजरही तेच म्हणाला. गाडी मात्र चढाला पूर्वीसारखीच मागे ओढत होती. आमचे मिस्त्री काढलेला प्रत्येक पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवायचे. घरी नेऊन टाकून द्या, पण बघा, असं म्हणायचे. लायनर कुठे झिजलाय, बुश कुठे फाटलाय, ते बोट ठेवून दाखवायचे. गाडीबद्दल मला जे काही कळतं ते त्या बोटामुळे. त्या सर्व्हिस सेंटरने नंतर फोन करून विनंती केली ती एवढीच, ‘फीडबॅकचा कॉल येईल, दहापैकी दहा द्या, नाहीतर आमचा इन्सेन्टिव्ह कापतात.’

2010 च्या एप्रिलमध्ये मुंबई, पुणे, सोलापूर धरून तेरा शहरांत गाड्यांच्या धुराचं भारत स्टेज 4 मानक लागू झालं. हवेसाठी ते हवंच होतं. पण गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स वाढली आणि दोष शोधायला स्कॅनर लागू लागला. मिस्त्रींनी उधारीवर स्कॅनर घेतला, पण आमच्या गाडीच्या कंपनीचे कोड त्यात पुरते उघडत नव्हते. अस्सल पार्ट मागायला गेले की उत्तर मिळायचं, डीलरकडेच मिळेल. ज्यांचे हात चालत होते त्यांना पद्धतशीर उपाशी ठेवलं गेलं, असं मी म्हणते, आणि ही माझ्या एकटीची तक्रार नाही. 2011 मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली. 25 ऑगस्ट 2014 रोजी आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात द्या, बाहेरच्या गॅरेजांना अडवू नका, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असंही बजावलं. तो आदेश वाचून मिस्त्रींना फोन केला होता. ते म्हणाले, ‘ताई, पार्ट कधीपासून मिळणार?’

कंपन्या अपिलात गेल्या. 2022 च्या डिसेंबरात केंद्राने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. मधल्या वर्षांत मिस्त्रींची नवी गिऱ्हाइकं तुटत गेली. पाच वर्षांच्या आतली गाडी त्यांच्याकडे यायचीच बंद झाली, कारण प्रत्येकाला डीलरने घाबरवून ठेवलेलं. शेवटी इमारत पाडायची वेळ आली तेव्हा दुसरीकडे भाड्याने गाळा घ्यावा एवढंही त्या धंद्यात उरलं नव्हतं.

आणि गेल्या महिन्यात ते सत्तेचाळीस हजारांचं एस्टिमेट मी नाकारलं, तेव्हा काउंटरवरचा तरुण मला म्हणाला, ‘मॅडम, बाहेर हात लावलात तर वॉरंटी जाईल.’ आयोगाचा आदेश निघून दहा वर्षं उलटली आहेत. मी त्याला हे लेखी द्यायला सांगितलं. त्याने दिलं नाही.