वाटा कोणाचा किती?

‘मिळून काम करा’ हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण काम संपून खळ्यावर रास पडली की ती वाटायची कशी, हे मात्र कोणी सांगत नाही. आणि खरी भांडणे तर तेथेच होतात! या प्रश्नाला गणिताने दिलेले एक उत्तर आपण पाहू.

समजा, एकाजवळ जमीन आहे आणि दोघांजवळ नुसते हात. मालक स्वतः राबत नाही आणि जमिनीवाचून मजुरांना काम नाही. एक मजूर राबला तर ६० पोती धान्य होते, दोघे राबले तर ९०. ही ९० पोती कशी वाटावीत?

कोणी म्हणेल, ज्याच्यावाचून जेवढे घटते तेवढे त्याचे. बरे, तसे करून पाहू. एक मजूर गेला तर ३० पोती घटतात, दुसरा गेला तरी ३०. पण मालकाने जमीन काढून घेतली तर सगळीच ९० जातात! मागणी झाली १५० पोत्यांची आणि रास आहे ९० ची. शिवाय मालक एकेकाला गाठून ‘तू नाहीस तर दुसरा आहेच’ असे म्हणायला मोकळा, ते निराळेच.

लॉइड शॅप्ले या अमेरिकन गणितज्ञाने १९५३ साली यातून वाट काढली. हे तिघे एकामागून एक येऊन मिळतात अशी कल्पना करा आणि प्रत्येकाच्या येण्याने किती भर पडली ते मांडा. आधी कोण आला यावर भर अवलंबून असते. म्हणून येण्याचे सगळे क्रम घ्या आणि सरासरी काढा.

तिघांचे क्रम होतात ६. मालक पहिला आला तर त्याची भर शून्य, मधे आला तर ६०, शेवटी आला तर ९०. आणि प्रत्येक जागा त्याला दोनदा मिळते. बेरीज ३००, म्हणून वाटा ५०. मजुराची भर एकदा ६०, दोनदा ३० आणि तीनदा शून्य. बेरीज १२०, वाटा २०. पन्नास, वीस आणि वीस. रास बरोबर संपली!

ही केवळ युक्ती नव्हे. सगळी प्राप्ती वाटली जावी. सारखी भर घालणाऱ्यांना सारखे मिळावे. ज्याच्याने कधीच भर पडत नाही त्याला काही मिळू नये. आणि दोन व्यवहार वेगळे वाटले काय, एकत्र वाटले काय, हिशेब तोच यावा. या चार अटी मान्य केल्या की दुसरी पद्धत उरतच नाही, हे शॅप्ले यांनी सिद्ध केले.

आता एक गंमत पाहा. दोघे मजूर म्हणाले, ‘येऊ तर दोघे, नाहीतर कोणीच नाही.’ आता पक्ष दोनच उरले आणि एकावाचून दुसऱ्याचे काहीच पिकत नाही. म्हणून ४५ मालकाला, ४५ मजुरांना, प्रत्येकाला साडेबावीस. धान्य एक दाणाही वाढले नाही, वाटा मात्र वाढला. अर्थात, प्रत्येक ठिकाणी एकी अशीच फळते असे नाही. आकडे बदलले की उत्तरही बदलते. जमीनमालक आणि मजूर यांच्या अशाच व्यवहाराचा विचार शॅप्ले आणि मार्टिन शुबिक यांनी १९६७ साली केला होता.

मात्र एक गोष्ट विसरू नका. जमीन त्या एकाचीच कशी झाली, हे हा हिशेब विचारीत नाही. तो आहे ती मांडणी धरून चालतो. पुढचा प्रश्न गणिताचा नव्हे. तो तुम्हीआम्हीच विचारायचा आहे.