झोपेवर चालणारा बोर्ड

"घड्याळातलाच सेल ना हा? रोवणीपर्यंत पुरल का?" काकाजींनी विचारलं. माझ्या तळहातावर रुपयाएवढा सीआर2032 होता. 20 मिलिमीटर रुंद, 3.2 मिलिमीटर जाड, 3 व्होल्ट.

वरठीच्या घरात बियाण्याच्या धानाची थप्पी लागली होती. ओल राहिलेलं धान आतून तापतं, आणि पोत्यात हात घालून ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. भिंतीकडच्या खालच्या पोत्यांमध्ये एक तापमापक खोचून ठेवावा, दर दोन तासांनी नोंद घ्यावी, असं मी ठरवलं. तिथवर वायर नेली तर उंदीर ठेवणार नाहीत. म्हणून सेल हवा होता, आणि तोही फटीत मावेल असा.

मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड घेतला प्रो मिनी, 3.3 व्होल्टचा. सेल जोडताच त्याचा दिवा लागला. मला आनंद झाला, पण तो दिवाच सेल खात होता. या सेलमध्ये साधारण 220 मिलिअँपिअर-तास असतात. जागा बोर्ड 4-5 मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे दोन दिवसांत खेळ खलास. त्यातही हा सेल म्हणजे तोंड सुतळीनं आवळलेलं पोतं. आत धान भरपूर, पण एका वेळी मूठभरच बाहेर येतं. त्याची क्षमता मोजतात तीसुद्धा 0.2 मिलिअँपिअरच्या आसपास, संथपणे काढून. एकदम जास्त मागितलं की व्होल्टेज खचतं.

मग काढाकाढी सुरू झाली. दिवा काढला. रेग्युलेटरही उचलला, कारण सेल थेट व्हीसीसी पिनला जोडला तरी रेग्युलेटर मागच्या दारानं थोडं पितच असतो. डीएस18बी20 हा सेन्सर बाजूला ठेवला, कारण त्याला किमान 3 व्होल्ट लागतात आणि सेल पहिल्या दिवसानंतर त्याखाली येणारच. त्याऐवजी साधा थर्मिस्टर घेतला आणि त्याला वीज बोर्डाच्याच एका पिनमधून दिली, फक्त मोजण्यापुरती.

बाकी सगळा वेळ बोर्डावरचा मायक्रोकंट्रोलर, एटमेगा328, झोपतो. आतलं वॉचडॉग घड्याळ त्याला जास्तीत जास्त 8 सेकंदांनी उठवतं. तो एक आकडा वाढवतो आणि पुन्हा झोपतो. 900 वेळा उठला की दोन तास होतात. तेव्हा तापमान मोजून एका बाइटमध्ये लिहितो. त्याच्या आत 1,024 बाइटची कायम स्मृती आहे, म्हणजे 85 दिवसांच्या नोंदी.

एवढं करूनही तो मधूनच बंद पडे. दोन संध्याकाळी मी सेललाच दोष दिला. खोड निघाली झोपेतली वीज मोजायला मध्ये जोडलेल्या मीटरची. मायक्रोअँपिअरच्या रेंजवर मल्टिमीटर स्वतःच वाटेत रोध घालतो. बोर्ड झोपेत असेपर्यंत चालतं, पण जागा होऊन जास्त वीज मागताच व्होल्टेज मीटरमध्येच पडतं. त्यात ब्राउन-आउटची, म्हणजे ज्याखाली बोर्ड स्वतःला रीसेट करतो ती, मर्यादा 2.7 व्होल्टवर होती, त्यामुळे तो लगेच रीसेट होई. मर्यादा 1.8 वर आणली, गती 1 मेगाहर्ट्झ केली, सेलला समांतर एक कपॅसिटर लावला आणि जागं होताना मीटरच्या दोन टोकांना तारेनं जोडून ठेवलं. मग झोपेतला आकडा दिसला: 5 मायक्रोअँपिअर. या हिशेबानं कागदावर पाच वर्षं निघतात. सेल स्वतःच थोडा झिजतो आणि आपल्याकडचा मे महिना कुणाला सोडत नाही, म्हणून मी एकच हंगाम धरला.

सेलचं झाकण मात्र स्क्रूनं आवळलं. घरात दोन वर्षांची नात आहे. असा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

तिसऱ्या आठवड्यात बोर्ड काढून 252 आकडे वाचले. सेलमधले जेमतेम अडीच मिलिअँपिअर-तास गेले असावेत. रात्री घर गार पडायचं, पण भिंतीकडचं तापमान उतरत नव्हतं. दर दिवशी थोडं चढतच होतं. काकाजींनी आकडे ऐकले, काही न बोलता खालची चार पोती ओढली आणि धान अंगणात उन्हाला पसरलं.

संध्याकाळी पोती भरताना त्यांनीच विचारलं, "ते मशीन आता कोणत्या पोत्यापाशी ठेवतेस?"